पस्तीस येनांचा रविवार

'सुबाराशिकी निचियोबी', म्हणजे 'एक सुंदर रविवार', हा अकिरा कुरोसावा यांचा चित्रपट तोहो कंपनीने १९४७ च्या उन्हाळ्यात पडद्यावर आणला. चित्रपट कृष्णधवल, लांबी १०८ मिनिटे. कथा एका दिवसाची, मुख्य माणसे दोन, आणि त्या दोघांच्या खिशात मिळून पैसे पस्तीस येन. युझो आणि मासाको यांचे लग्न करायचे ठरले आहे, पण ते करता येत नाही, कारण राहायला खोली नाही. आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला दोघे तोक्योत भेटतात, दिवसभर शहरात हिंडतात आणि रात्री शेवटच्या गाडीच्या वेळी स्टेशनवर एकमेकांचा निरोप घेतात. कथानक म्हणून याहून फारसे काही सांगण्यासारखे नाही.

कुरोसावा हे नाव निघाले की मराठी चित्ररसिकाला 'राशोमान' आठवतो, 'सेव्हन सामुराई' आठवतो, फार तर 'इकिरू' आठवतो. त्या मोठ्या चित्रपटांच्या गर्दीत हा रविवार मागे पडला. तो मागे पडण्याच्या योग्यतेचा नाही. प्रेमाच्या गोष्टीत पैशाचा हिशेब इतक्या उघडपणे मांडलेले चित्रपट जगात थोडे आहेत, आणि तो हिशेब मांडता मांडता दोन माणसांच्या नात्याचा कस लावणारे तर त्याहून थोडे. इथे तंगी ही प्रेमाच्या मागे लावलेली पार्श्वभूमी नाही. कुठे जायचे, काय खायचे, रुसवा कशावरून व्हायचा आणि तो कसा निघायचा, हे सगळे तिच्यामुळेच ठरते.

हा रविवार समजून घ्यायचा तर त्या वर्षीचे तोक्यो डोळ्यांसमोर हवे. ९ आणि १० मार्च १९४५ च्या दरम्यानच्या रात्री अमेरिकन बी-२९ विमानांनी शहराच्या पूर्व भागावर आगलावे बॉम्ब टाकले. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. हल्ले पुढेही चालू राहिले. १९४० साली सत्तर लाखांच्या घरात असलेली शहराची वस्ती युद्ध संपताना निम्म्यावर आली होती. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली आणि मग उलटा ओघ सुरू झाला. चीन, मांचुरिया, कोरिया, दक्षिणेकडची बेटे अशा ठिकाणांहून साठ लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिक मायदेशी परतले. परतलेल्यांना घरे नव्हती. जळक्या पत्र्यांच्या झोपड्या, एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, नातेवाइकांकडचा आसरा, अशा रीतीने लोक दिवस काढत होते.

पैशाची अवस्था घरांपेक्षा बरी नव्हती. फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने जुन्या नोटा रद्द करून नवा येन आणला, बँकांतल्या ठेवी गोठवल्या आणि दरमहा किती रक्कम काढायची यावर मर्यादा घातली. महागाई थांबली नाही. रेशनवर मिळणारे धान्य पोटाला पुरत नव्हते आणि बाकीचे सगळे काळ्या बाजारात मिळत होते, तिथल्या भावाने. काळ्या बाजाराचे खटले चालवणारे तोक्योचे न्यायाधीश योशितादा यामागुची यांनी स्वतः रेशनबाहेरचे अन्न खायचे नाकारले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचा उपासमारीने मृत्यू झाला. हा चित्रपट प्रदर्शित होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. प्रामाणिक राहायचे तर जगायचे कसे, हा युझोला पडलेला प्रश्न लेखकाने कल्पनेने रचलेला नव्हता, याचा याहून वेगळा पुरावा नको.

दुसरी एक गोष्ट त्याच वर्षात घडत होती. ३ मे १९४७ रोजी जपानची नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या २४ व्या कलमाने लग्न फक्त स्त्री-पुरुष दोघांच्या संमतीवर उभे राहील असे ठरवले. तोवरच्या कायद्यात कुटुंबप्रमुखाच्या संमतीला मोठे वजन होते. बायकांना मताचा हक्क मिळून, त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये पहिल्यांदा मतदान करून जेमतेम वर्ष उलटले होते. युझो आणि मासाको यांच्या गोष्टीत आई-बापांचा विरोध नाही, मध्यस्थ नाही, घराण्याचा मान नाही. दोघांनी एकमेकांना निवडले आहे आणि त्यांना अडवणारे कोणी नाही. अडवते ती फक्त खोलीच्या भाड्याची रक्कम. जुन्या जपानी प्रेमकथांतली सारी विघ्ने कायद्याने बाजूला सारली आणि नेमके त्याच वेळी एक नवे, निर्जीव विघ्न वाटेत येऊन उभे राहिले. चित्रपटाला कालची नव्हे तर आजची गोष्ट सांगायची आहे, हे इथूनच कळते.

त्या काळात जपानी चित्रपटांवर अमेरिकन ताबा-प्रशासनाची देखरेख होती. पटकथा आधी मंजूर करून घ्यावी लागे. सरंजामी निष्ठा, सूड, युद्धाचा गौरव हे विषय वर्ज्य होते. लोकशाही, स्त्रियांचे हक्क, तरुणांचे मोकळे प्रेम यांना उत्तेजन होते. पडद्यावर चुंबन दाखवावे असाही आग्रह असे, आणि १९४६ च्या 'हाताची नो सेइशुन' या चित्रपटातले चुंबन त्यामुळे गाजले. त्याच नियमावलीचा दुसरा भाग असा, की शहरात सगळीकडे वावरणारे अमेरिकन सैनिक पडद्यावर येता कामा नयेत. या चित्रपटातला बराच भाग ज्या हिबिया परिसराभोवती घडतो, त्याच्या जवळच ताबा-प्रशासनाचे प्रमुख मॅकार्थर यांचे मुख्य कार्यालय होते, आणि तिथले एक मोठे नाट्यगृह अमेरिकन फौजेने ताब्यात घेऊन त्याला स्वतःच्या एका युद्धवार्ताहराचे नाव दिले होते. पडद्यावरच्या तोक्योत यातले काही नाही. हे रितेपण लक्षात ठेवून चित्रपट पाहिला, तर जेत्यांचा उल्लेख नसलेल्या या शहरात सर्वत्र पराभवच कसा दिसतो ते जाणवते.

चित्रपटाचा जन्म एका संपाच्या पोटी झाला. तोहो कंपनीत १९४६ साली कामगार संघटनेने दोनदा संप केला. दुसऱ्या संपाच्या वेळी काझुओ हासेगावा, देन्जिरो ओकोची, सेत्सुको हारा, हिदेको ताकामिने, इसुझु यामादा अशा दहा बड्या नटनट्यांनी संघटनेपासून फारकत घेतली, आणि त्यातून १९४७ साली शिन-तोहो ही निराळी कंपनी उभी राहिली. तोहोकडे दिग्दर्शक होते, लेखक होते, पण पोस्टरवर छापायला नाव नव्हते. तेव्हा नाव नसलेल्या माणसांना घेऊन चित्रपट काढायचे ठरले आणि लेखक-दिग्दर्शक ईर्षेने कामाला लागले. डोंगरातल्या बर्फात घडणारा 'गिनरेई नो हाते' हा त्याच हंगामातला. त्याची पटकथा कुरोसावांची होती, आणि त्यातून तोशिरो मिफुने हा नवखा नट पहिल्यांदा पडद्यावर आला. 'एक सुंदर रविवार' हा त्याचा जोडीदार. तारकांच्या जाण्याने जी अडचण झाली, तीच या गोष्टीच्या पथ्यावर पडली. सेत्सुको हारा यांच्यासारखा चेहरा फाटक्या रविवारच्या गर्दीत मिसळला नसता.

पटकथा लिहिली केइनोसुके उएकुसा यांनी. ते आणि कुरोसावा कुरोदा प्राथमिक शाळेतले वर्गमित्र, म्हणजे ओळख तीस वर्षांची. दोघांच्या मनात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९२४ सालचा एक मूकपट होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या, महागाईने पोखरलेल्या जर्मनीत बटाटे पिकवून संसार मांडू पाहणाऱ्या एका निर्वासित जोडप्याची ती गोष्ट, आणि तिचे नाव होते 'इझन्ट लाइफ वंडरफुल'. जपानी चित्रपटाच्या नावातला 'सुंदर' हा शब्द त्या ऋणाची खूण आहे. कॅमेरा आसाकाझु नाकाई यांचा. पुढे 'इकिरू' आणि 'सेव्हन सामुराई' त्यांनीच चित्रित केले. संगीत तादाशी हात्तोरी यांचे.

युझोच्या भूमिकेसाठी इसाओ नुमासाकी आणि मासाकोसाठी चिएको नाकाकिता यांची निवड झाली. दोघांचे चेहरे इतके साधे, की रस्त्यावर उभे केले तर वळून कोणी पाहणार नाही. कुरोसावांनी या साधेपणाचा पुरेपूर फायदा घेतला. स्टेशनावरची आणि रस्त्यावरची काही दृश्ये त्यांनी कॅमेरा खोक्यात दडवून, वरून कापड गुंडाळून घेतली. भिंगापुरते भोक ठेवायचे आणि खोके घेऊन गर्दीत उभे राहायचे. आपल्याच नटांना जुने कपडे घालून गर्दीत सोडल्यावर ते नेमके कुठे आहेत हे कळेनासे होई, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यामुळे या चित्रपटातली गर्दी ही खरी गर्दी आहे. गाडीतून लोंबकळणारी, पोटासाठी निघालेली, कॅमेऱ्याचे भान नसलेली ही माणसे पुढच्या काळात अभ्यासकांनाही कागदपत्रांइतकी मोलाची वाटावीत. डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' यानंतर वर्षभराने, १९४८ साली आला. इटलीतला नववास्तववाद आणि तोक्योतला हा प्रयोग यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पडझड झालेल्या दोन शहरांत दिग्दर्शकांनी कॅमेरा रस्त्यावर नेला, कारण गोष्ट तिथेच घडत होती.

चित्रपट सुरू होतो तो एका सिगारेटच्या थोटकापाशी. स्टेशनबाहेर मासाकोची वाट पाहत उभा असलेला युझो फुटपाथवर पडलेल्या थोटकाकडे पाहतो. इकडे तिकडे पाहतो. उचलतो. तेवढ्यात मासाको येते आणि ते त्याच्या हातातून उडवून लावते. दोघांच्या स्वभावाची सारी ओळख इथे होते. युझो युद्धावरून परतलेला, स्वतःची लाज वाटत असलेला तरुण. खिशात पैसे नसताना बाईला भेटायला येणे त्याला कमीपणाचे वाटते. मासाकोला तसे वाटत नाही. ती दोघांचे पैसे एकत्र करते, मोजते, आणि पस्तीस येनांत दिवस मजेत घालवता येईल असे ठरवून टाकते. तिचा उत्साह वरवरचा नाही, त्यामागे निश्चय आहे. बहिणीच्या भरलेल्या घरात राहणाऱ्या मुलीला आठवड्यातला हा एकच दिवस स्वतःचा असतो आणि तो वाया घालवायला ती तयार नाही.

मग एकामागून एक ठिकाणे येतात. विक्रीसाठी मांडलेले नमुन्याचे घर दोघे पाहतात. मासाको खोल्यांतून हिंडत संसार मांडते आणि युझोचा चेहरा उतरतो, कारण त्याच्या लेखी ते घर म्हणजे एक आकडा आहे. भाड्याच्या खोलीची चौकशी होते, पण तीही आवाक्याबाहेरची आणि राहण्यालायक नसलेली निघते. रस्त्यात पोरे बेसबॉल खेळत असतात. युझो बॅट हातात घेतो, पहिल्यांदा मनापासून हसतो, आणि त्याने टोलवलेला चेंडू थेट मिठाईवाल्याच्या मांज्यूंवर जाऊन पडतो. सारणाच्या त्या वाफवलेल्या गोळ्यांचे पैसे भरावे लागतात. आनंदाची किंमत तिथल्या तिथे वसूल होते. पण मासाको ते मांज्यू खाते, युझोलाही खायला लावते. झालेल्या नुकसानीचे जेवण करून टाकणे ही तिची तऱ्हा.

त्यानंतर एक पोरका मुलगा येतो. कपडे फाटके, अंग मळलेले, चेहरा मोठ्या माणसाचा. मासाकोच्या डब्यातले भाताचे लाडू पाहून तो पैसे पुढे करतो. भीक मागत नाही, विकत मागतो. त्याच्या हातात नोटा आहेत आणि डोळ्यांत कुणाबद्दलही विश्वास नाही. मासाको त्याला फुकट देते. १९४८ च्या सरकारी पाहणीत देशभर सव्वा लाखाच्या आसपास अनाथ मुले मोजली गेली होती. दिग्दर्शक ओझू यांनीही १९४७ सालीच अशाच एका बेवारस मुलावर चित्रपट काढला, पण तिथे मुलाला घर मिळते. इथे तो काही क्षण येतो आणि जातो. त्याच्याविषयी कोणी भाषण करत नाही, आणि त्यामुळेच तो विसरता येत नाही.

फौजेतल्या एका ओळखीच्या माणसाने कॅबरे काढला आहे असे कळून युझो तिथे जातो. त्याला मागच्या दाराने आत नेतात. तिथली माणसे त्याला पैसे उकळायला आलेला समजतात आणि काहीतरी हातावर ठेवून वाटेला लावू पाहतात. युझो पैसे घेत नाही. मित्राची भेट होत नाही ती नाहीच. त्या काळी हरलेल्या देशात दोन प्रकारची माणसे होती, बाजाराच्या बाजूची आणि बाजाराबाहेरची, आणि खंदकात शेजारी शेजारी असलेले दोघे आता या दोन बाजूंना उभे होते. हा प्रसंग काहीसा लांबला आहे, पण युझोचे दुखणे नेमके कुठे आहे ते इथे उघडे पडते. चोरटा धंदा करायची त्याची तयारी नाही, आणि न केल्याबद्दल स्वतःला मूर्ख समजायचेही त्याने सोडलेले नाही.

प्राणिसंग्रहालयातला भाग छोटा आहे. ज्या प्रेक्षकांनी तो १९४७ साली पाहिला, त्यांना त्यामागचे ठाऊक होते. तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले मोठे प्राणी १९४३ साली, हवाई हल्ल्यात सुटतील या भीतीपोटी, सरकारी हुकमाने मारले गेले होते. तीन हत्तींना उपाशी ठेवून मारले. पुढे तोक्योतल्या शाळकरी मुलांनी हत्तीसाठी भारताच्या पंतप्रधानांना पत्रे लिहिली आणि १९४९ च्या सप्टेंबरात नेहरूंनी पाठवलेली 'इंदिरा' ही हत्तीण तिथे पोचली. चित्रपट त्या दोन घटनांच्या मधल्या रिकाम्या वर्षांतला आहे.

मग पाऊस येतो. मासाकोला सुचते की शूबर्टच्या अपूर्ण सिम्फनीचा कार्यक्रम आहे, स्वस्तातले तिकीट दहा येन, दोघांना परवडेल. शूबर्टवरचा १९३३ सालचा एक युरोपीय चित्रपट जपानमध्ये अफाट लोकप्रिय झाला होता, त्यामुळे ही सिम्फनी साध्या नोकरदार मुलामुलींनाही आपली वाटायची. दोघे धावत सभागृहावर पोचतात, रांगेत उभे राहतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काळा बाजार करणारे दलाल सगळी स्वस्त तिकिटे उचलतात आणि दीडपट भावाने विकायला बसतात. युझो त्यांच्या अंगावर जातो आणि मार खातो. सबंध चित्रपटात त्याने उघडपणे विरोध केला तो एवढाच, आणि त्याचा निकाल असा.

इथून चित्रपट युझोच्या खोलीत येतो. हाच या चित्रपटाचा कळस. छत गळते आहे, अंधारून आले आहे, खोलीत दोघेच. मार खाल्लेला, अपमानाने पेटलेला युझो मासाकोकडे तिच्या शरीराची मागणी करतो. माझ्याकडे दुसरे काहीच उरले नाही, आता एवढे तरी दे, असा त्या मागणीचा सूर आहे. मासाको घाबरते आणि निघून जाते. त्यानंतर जे होते ते कुरोसावांनी जवळजवळ शब्दांवाचून दाखवले आहे. युझो खोलीत येरझाऱ्या घालतो. बसतो. उठतो. छतातून पाणी ठिबकते. कॅमेरा घाई करत नाही, आणि पाहणाऱ्याला खोलीतले प्रत्येक मिनिट सोसावे लागते. मग दार उघडते. मासाको परत आली आहे. ती रडते, अगदी लहान मुलीसारखी, आवाज काढून रडते, आणि रडता रडता थरथरत्या हातांनी रेनकोटची बटणे काढू लागते. युझो ते पाहतो आणि त्याला आपल्या मागणीचा खरा अर्थ कळतो. तो तिला थांबवतो.

या प्रसंगात कुरोसावा कोणाचीच बाजू घेत नाहीत. युझो खलनायक होत नाही आणि मासाको देवी होत नाही. तिचे परत येणे म्हणजे शरणागती आहे की धैर्य, हे त्यांनी प्रेक्षकावर सोडले. त्या काळच्या प्रेमपटांत मोकळेपणाच्या नावाखाली जे चालले होते, त्यापुढे ही वीसएक मिनिटे फार प्रौढ वाटतात. दोन माणसांनी एकमेकांना निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आता त्या स्वातंत्र्याचे करायचे काय, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे तेव्हाच्या जपानी पडद्यावर क्वचितच आला असेल.

पाऊस थांबतो आणि चित्रपटाचा रंग बदलतो. उरलेल्या पैशांत कॉफी प्यायला दोघे एका कॅफेत शिरतात. बिल खिशातल्या पैशांपेक्षा जास्त येते, कारण कॉफीत दूध घातलेले आहे आणि दुधाचा भाव वेगळा. बाकीच्या रकमेसाठी युझोला अंगातला कोट तारण ठेवावा लागतो. पस्तीस येनांचा हिशेब इथे संपतो. थंडीत, कोटावाचून, खिसा पूर्ण रिकामा अशा अवस्थेत हे दोघे पहिल्यांदा मोकळे होतात. बॉम्बने जमीनदोस्त झालेल्या एका जागेवर ते आपले कॅफे उभे करतात. दार इथे, टेबले तिथे, कॉफी चांगली आणि भाव रास्त. युझो गल्ल्यावर, मासाको गिऱ्हाइकापुढे. नाटक इतके रंगते की आजूबाजूला बघ्यांची गर्दी जमते आणि दोघे लाजून पळ काढतात. दिवसभर मासाकोच्या कल्पनांना नाक मुरडणारा युझो इथे पहिल्यांदा तिच्याबरोबर खेळतो. हे स्वप्न बघण्यासाठी नाही, दोघांनी मिळून राबण्यासाठी आहे. किंमत रास्त ठेवायची, माल चोख द्यायचा, हा त्या दुकानाचा नियम म्हणजे काळ्या बाजाराला दिलेले त्यांचे उत्तर.

त्यानंतर झोपाळे, चांदणे, आणि शेवटी उद्यानातला रिकामा, उघडा संगीतमंडप. युझो व्यासपीठावर चढतो आणि दिवसा हुकलेली सिम्फनी स्वतः वाजवून दाखवायची म्हणून नसलेल्या वाद्यवृंदापुढे हात उचलतो. काही ऐकू येत नाही, नुसता वारा आणि पाचोळा. तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा हरतो. तेव्हा मासाको बाकांकडे वळते, म्हणजे कॅमेऱ्याकडे, म्हणजे चित्रपटगृहात बसलेल्या माणसांकडे, आणि त्यांना विनवते की आमच्यासारखी गरीब तरुण जोडपी अनेक आहेत, कृपा करून टाळ्या वाजवा, त्यांना धीर द्या. टाळ्यांसाठी जागा सोडलेली आहे. मग युझो हात उचलतो आणि सुरांनी मंडप भरून जातो.

या प्रसंगावरून उएकुसा आणि कुरोसावा यांचे एकमत नव्हते. मंडपातल्या अंधारात बसलेली दुसरी जोडपी टाळ्या वाजवतील, असे उएकुसांच्या मनात होते. कुरोसावांना टाळ्या चित्रपटगृहातून हव्या होत्या. प्रेक्षकाला गोष्टीत सामील करून घ्यायचे होते. जपानमध्ये हा बेत फसला. लोक गप्प बसून राहिले. पॅरिसमध्ये मात्र प्रेक्षकांनी दणदणून टाळ्या वाजवल्या, असे कुरोसावांनी लिहून ठेवले आहे. प्रसंग फसला असे म्हणणारे समीक्षक आजही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तो लांबला आहे, आणि खोलीतल्या त्या मुक्या दृश्यानंतर इतके मोठ्याने मागणे कानाला खटकते. तरी प्रयत्नामागची तळमळ खरी आहे. अर्धे शहर जळालेले असताना दिग्दर्शक तिकीट काढून आलेल्या माणसाला सांगतो, की समोरची दोघे तुमच्याच शेजारची आहेत. चित्रपटाचा खरा उणेपणा दुसरीकडे आहे. धीर देण्याचे सारे काम मासाकोच्या अंगावर टाकलेले आहे. युझो खचतो तेव्हा तिने सावरायचे. पण ती खचली तर कोण सावरणार, हा प्रश्न पटकथेने पुरेसा विचारलेला नाही.

शेवट स्टेशनावर. पुढच्या रविवारी भेटायचे ठरते, गाडी सुटते. युझोला पायाशी पुन्हा एक थोटूक दिसते, आणि या वेळी तो ते उचलत नाही, पायाने चिरडतो. नोकरी तीच, पगार तोच, खोली अजूनही नाही. फरक पडला तो एवढाच.

प्रदर्शनानंतर कुरोसावांना एक पत्र आले. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठून गेले, पण एक म्हातारा गृहस्थ खुर्चीत बसून रडत होता, असे त्यात लिहिले होते. पत्र लिहिणारा तो गृहस्थ स्वतःच, कुरोदा शाळेतले त्यांचे शिक्षक सेइजी ताचिकावा. पडद्यावर पटकथा उएकुसा, दिग्दर्शन कुरोसावा अशी नावे त्यांनी वाचली होती. मुलांना हवे तसे चित्र काढू देणारे, वर्ग हसत असताना लहानग्या कुरोसावाच्या चित्राचे कौतुक करणारे हेच ते मास्तर. दोघा विद्यार्थ्यांनी त्यांना तोहोच्या वसतिगृहात बोलावून सुकियाकी खाऊ घातली. मास्तरांचे दात कमकुवत झाले होते, त्यामुळे मांस त्यांना नीटसे खाता आले नाही.

त्या वर्षीच्या माइनिची चित्रपट पुरस्कारांत कुरोसावांना दिग्दर्शनाचा आणि उएकुसांना पटकथेचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून 'ड्रंकन एंजल' लिहिला. तिथे तोक्यो तेच, डबकी तीच, पण मध्यभागी मिफुनेचा गुंड आला आणि कुरोसावांच्या चित्रपटांत त्या तुफानी नटाने प्रवेश केला. त्यानंतर या दोन मित्रांनी एकत्र पटकथा लिहिली नाही. चिएको नाकाकिता पुढे मिकिओ नारुसे यांच्या 'मेशी', 'उकिगुमो' यांसारख्या चित्रपटांत दिसत राहिल्या. साध्या बायकांच्या साध्या दुःखांचे ते चित्रपट त्यांच्या चेहऱ्याला शोभले. झोपाळा कुरोसावांनी पुन्हा वापरला, १९५२ च्या 'इकिरू'मध्ये, मरणाच्या दारातल्या सरकारी अधिकाऱ्यासाठी.

ज्यांनी कुरोसावांचे तलवारींचे चित्रपट आधी पाहिले आहेत, त्यांनी हा रविवार पाहताना पहिल्या तासातल्या रस्त्यांकडे आणि मधल्या खोलीकडे जास्त लक्ष द्यावे. शेवटच्या मंडपातल्या प्रसंगावर रागावून चित्रपट बाजूला ठेवू नये. आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात 'ड्रंकन एंजल' पाहावा. दोन्ही चित्रपट एकाच जळक्या शहरातले, एकाच जोडीच्या हातून उतरलेले आहेत, आणि एकाशिवाय दुसरा अर्धाच समजतो.